लेकीच्या बोटीवरचं पाणी

टोकावड्याच्या अनंता विशेंना त्यांच्या लेकीनं बोटीवर बोलावलं, आणि गावात पहिला प्रश्न निघाला तो असा, की बोट नक्की कोणाची?

साध्या माणसाला वाटेल, बोट कंपनीची. अनंतरावांनाही तसंच वाटलं होतं. त्यांची काजल कल्याणला हॉटेलचं शिक्षण घेऊन बोटीच्या भटारखान्यात लागली होती, गोड पदार्थांच्या विभागात. मागच्या वैशाखात तिचं वाशिंदच्या सूरजशी लग्न झालं, आणि महिन्याभरातच कंपनीनं तिला नव्याकोऱ्या बोटीवर घेतलं. अजून कायम व्हायची होती. त्या बोटीच्या पहिल्यावहिल्या फेरीला प्रत्येक कामगाराच्या घरची दोन माणसं फुकट न्यायची असं कंपनीनं ठरवलं. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून निघायचं, समुद्रात फिरून रविवारी सकाळी परत. सूरज म्हणाला, माझं काय, पुढच्या वेळी येईन, आधी आईबाबांना ने. असा जावई मिळायला नशीब लागतं, हे अनंतराव त्या दिवशी चार जणांना सांगून आले.

तिथंच चुकलं. चार जणांना सांगायला नको होतं.

संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली. अनंतराव म्हणजे मुरबाडच्या एसटी स्टँडवरचे रिटायर कंट्रोलर. उभी हयात माइकसमोर बसून गाड्या सोडण्यात गेली, त्यामुळे प्रवासाचा विषय निघाला की गाव त्यांच्याकडेच येई. पण त्या दिवशी गाव सल्ला विचारायला नाही, द्यायला आलं होतं. कोणी म्हणालं लिंबू जवळ ठेवा, कोणी म्हणालं मधल्या मजल्यावरचीच खोली मागा, खालची लवकर बुडते. रस्त्यावर धाबा चालवणाऱ्या भरतनं विचारलं, "कंट्रोलर, पोहता येतं ना?" अनंतरावांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

मग आतून ठकूआत्या काठी टेकत बाहेर आली. ही अनंतरावांची सख्खी आत्या. तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतली, आणि अनंतरावांची आई लवकर गेली तेव्हा तिनंच त्यांना वाढवलं. घरात शेवटचा शब्द तिचाच.

"अनंता, जा बाबा," ती म्हणाली. "पण लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाय. तिची कूस उजवेपर्यंत नाय."

"आत्ये, ती काय लेकीचं घर हाय?" भरत म्हणाला. "कंपनीची बोट हाय."

"तिकीट कोणामुळं?"

"काजलमुळं."

"सैपाक कोणाच्या हातचा?"

"आता काजल तिथं सैपाकाला हाय म्हणल्यावर..."

"आन ती रातची निजते कुठं?"

"बोटीवरच."

"मंग?" आत्या म्हणाली, आणि काठी टेकत आत गेली. निकाल लागला. वरचं कोर्ट त्या घरात नव्हतं.

अनंतरावांनी आत्याच्या पायाला हात लावून शब्द दिला. तसा रिवाज त्यांनाही मान्यच होता. लेक दिली की तिला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खायचं नाही, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. शिवाय वाशिंदला सूरजचे चुलते होते, आणि विशे लेकीच्या जिवावर चैन करून आला असं त्यांनी म्हणायला नको होतं. काजलची आई निर्मलाबाई मात्र गप्प होत्या. त्यांना बोलायचं नसलं की त्या भाकरीचं पीठ मळायला घेत, आणि त्या दिवशी त्यांनी पुष्कळ पीठ मळलं.

काजलचा फोन आला, "आई, खायचं काही आणू नका हं. इथं इतकं असतं की तुम्हाला बघूनच धाप लागेल."

"हो हो," निर्मलाबाई म्हणाल्या, आणि सुकटीची चटणी डब्यात दाबून भरली.

भरतच्या गाडीतून दोघं मुंबईच्या धक्क्यावर उतरली तेव्हा सामान असं होतं : एक बॅग कपड्यांची, एक पिशवी तांदळाच्या भाकऱ्यांची, चटणीचा डबा, भरतनं धाब्यावरून दिलेली सीलबंद चिक्कीची पाकिटं आणि घरच्या विहिरीच्या पाण्याचा भलामोठा कॅन. कॅन अनंतरावांच्या खांद्यावर होता. समोर बोट उभी होती. पांढरीशुभ्र, आणि मान मागे टाकली तरी वरचा मजला काही दिसेना. एवढ्या मोठ्या बोटीत आपल्या काजलची एक ओट्याएवढी तरी जागा आहे, या विचारानं अनंतरावांना खांद्यावरचा कॅन हलका वाटला.

तो लगेच खरोखरच हलका झाला, कारण तपासणीच्या बाईंनी तो काढून घेतला.

"काका, हे पाणी आत जाणार नाही."

"बाई, हे विहिरीचं आहे. अगदी स्वच्छ."

"कुठलंही असू दे. हे काय, भाकऱ्या? शिजवलेलं बाहेरचं काहीच चालत नाही. या डब्यात काय आहे?"

डबा उघडला. मागची रांग आपोआप दोन पावलं मागे सरकली. बाई मात्र पुढे वाकल्या. त्या होत्या कोळीवाड्यातल्या. त्यांनी डोळे मिटून एक श्वास घेतला आणि एकदम आवाज खाली आणला. "जवळा आहे का हो? वहिनी, नियम म्हणजे नियम. आत नाही सोडू शकत. पण हे मी टाकूही देणार नाही. माझी ड्युटी आत्ता संपते." निर्मलाबाई म्हणाल्या, "मग भाकऱ्याही घे गो, नुसती चटणी कशी खाशील?" अशी विशेंची दोन दिवसांची शिदोरी तिथं योग्य माणसाच्या हाती पडली. सीलबंद चिक्कीला हरकत नव्हती. सीलबंद पाण्यालाही नव्हती, म्हणून अनंतरावांनी बाहेरच्या टपरीवरून दोन बाटल्या घेतल्या. त्याहून जास्त नेता येणार नाहीत असं कळल्यावर दोघांनी तिथंच उभ्यानं पोटभर पाणी पिऊन घेतलं.

दारातच काजल उभी होती. पांढरा कडक कोट, उंच टोपी, छातीवर नावाची पट्टी. ती वाकून पाया पडली तेव्हा टोपी घरंगळली आणि ती अनंतरावांनी झेलली. ती टोपी हातात धरून ते नुसते बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. पोरीनं मात्र लगेच हातात शहाळ्याच्या पाण्याचे पेले दिले.

"आत्ताच चहा झाला गो," निर्मलाबाई म्हणाल्या.

"माझा उपास आहे," त्याच क्षणी अनंतराव म्हणाले.

काजलनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "एकाचा चहा आणि एकाचा उपास? बरं, रात्री जेवायला या. मी तुमच्यासाठी खीर करतेय. आमच्या मोठ्या शेफनी माझी खीर पहिल्याच रात्री लोकांना द्यायची ठरवलीय, आई! ती आवडली तर मी कायम झालेच समज." आणि ती पळाली. तिला इतक्या आनंदात निर्मलाबाईंनी लग्नानंतर प्रथमच पाहिलं होतं.

बोट बरीच उशिरा सुटली. अनंतरावांनी घड्याळ पाहून जवळच्या अधिकाऱ्याला विचारलं, "कंट्रोल कोणाकडे आहे?" त्यानं हसून सलाम केला. मुरबाडला एवढा उशीर झाला असता तर लोकांनी स्टँड डोक्यावर घेतलं असतं, असं अनंतराव निर्मलाबाईंना म्हणाले, आणि त्यांनी नुसतं हं केलं. त्या समुद्राकडे पाहत होत्या. पाण्यावर ऊन उतरत होतं, वारा पदर ओढत होता, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर प्रथमच त्या कुठंतरी काही काम न करता उभ्या होत्या.

रात्री दोघं जेवणघरात गेली, कारण बघण्यात काही पाप नाही असं ठरलं. पण जेवणघरात नुसतं बघत फिरणं हे जगातल्या अवघड कामांपैकी एक आहे. जिकडे जावं तिकडे कोणीतरी ताट पुढे करी. ताट घ्यावं तर वाढलं जाणार, वाढलेलं खायचं नाही, आणि अन्न टाकायचं तर मुळीच नाही. दोन नियमांच्या मध्ये सापडलेली ती दोघं हात पाठीमागे बांधून, एखाद्या प्रदर्शनाला आल्यासारखी, मटणापासून मोदकापर्यंत सगळं पाहून खोलीत परत आली. खोलीत दोघांनी एकेक चिक्की खाल्ली आणि बाटलीतलं पाणी झाकणानं मोजून घेतलं.

मग शंका निघाल्या. आंघोळीचं पाणी चालेल का? निर्मलाबाई म्हणाल्या चालेल, ते अंगावर जातं, पोटात नाही. दात घासताना चूळ भरली तर? भरून टाकली तर हरकत नाही. एखादा थेंब चुकून गेला तर? तर तो चुकून गेला. अनंतरावांना हा निकाल फार आवडला आणि त्यांनी त्या रात्री जरुरीपेक्षा जास्त वेळा चूळ भरली. चूळ भरताना काही चुकलं की नाही, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

एवढ्यात दार वाजलं. खोलीची देखभाल करणारा गणू, अलिबागकडचा चाळिशीतला गृहस्थ, हातात झाकलेला वाडगा घेऊन उभा. "काजलताईंनी खीर पाठवलीय. तुम्ही वर दिसला नाहीत म्हणाल्या."

झाकण काढल्याबरोबर वेलचीचा वास खोलीभर पसरला. अनंतरावांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. निर्मलाबाईंनी वाडगा हातात घेतला, बघितला, आणि गणूला म्हणाल्या, "भाऊ, तुमी जेवलात?"

"नाय, अजून टाइम हाय."

"मग ही तुमी खा. आमच्याच्यानं आता नाय जायची. पण टाकायची नाय हं, शपथ हाय."

पाहुण्यांचं खाणं गणूला मनाई होतं. पण शपथही होती. त्यानं दारामागे उभं राहून वाडगा पुसून काढला, आणि त्याचे डोळे चमकले. "कशी झालीय?" निर्मलाबाईंनी विचारलं. "लय भारी." "मग काजलला सांगा, आई म्हणाली लय भारी झाली." ही बाई खोटं बोलत नव्हती. फक्त चव गणूची आणि निरोप तिचा, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी भुकेनं कावलेल्या अनंतरावांनी चिक्कीचा मोठा तुकडा तोडला. तुकडा तुटला, आणि त्याच्यासोबत मागच्या दाढेवर बसवलेली टोपीही निघाली. मुरबाडच्या डॉक्टरनं ती जन्मभराची म्हणून बसवली होती. अशी कळ गेली की अनंतराव अंगाचं मुटकुळं करून पलंगावर पडले आणि ओरडले. गणू बाहेरच होता. तो धावत आला.

"काय झालं काकांना?"

दाढ म्हणावं तर काय खाताना निघाली हे आलं. चिक्की म्हणावं तर बोटीवर एवढं असताना चिक्की का, हे आलं. निर्मलाबाईंना घाईत सुचलं ते त्या बोलून गेल्या. "पोट बरं नाय त्यांचं."

बोटीवर पोट हा शब्द किती वाईट, हे टोकावड्याच्या बाईला कुठून माहीत असणार? एकाचं पोट बिघडलं की तिथं शेकडो माणसांची चिंता सुरू होते. थोड्याच वेळात तोंडाला मास्क लावलेल्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं. ते इतकं रिकामं होतं की दाबायला काही लागेना. "क्या खाया था?"

"काही नाही," अनंतराव गाल धरून म्हणाले. ते जवळजवळ खरं होतं, आणि म्हणूनच कोणी विश्वास ठेवला नाही.

"थोडंसं गोड खाल्लं होतं," निर्मलाबाईंनी चिक्की मनात धरून सांगितलं. तेही खरंच होतं.

"मीठा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा बदलला. "कल रात का मीठा?"

"हां, काल रात्री पण."

त्यानंतर गोष्टी पटापट झाल्या. दोघांना खोलीबाहेर पडायला बंदी झाली. बाहेर कसला तरी फवारा मारला गेला. सगळे कपडे, बॅगेतले आणि अंगावरचे, उकळत्या पाण्यात धुवायला गेले आणि त्याबदल्यात दोघांना गुडघ्यापर्यंत येणारे पांढरे मऊ झगे मिळाले. अनंतरावांनी नोकरीत एक दिवस खाकी टोपीशिवाय काढला नव्हता. ते झगा गुंडाळून, गाल सुजवून, पलंगाच्या कडेला बसले. निर्मलाबाईंना झगा छान दिसत होता, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

छताच्या भोंग्यातून आवाज आला की गोड पदार्थांचा विभाग पुढच्या सूचनेपर्यंत बंद आहे. अनंतरावांनी सवयीनं मान हलवली. आवाज नाकात होता, सूचना घाईत वाचली होती. अर्थ मात्र त्यांच्या डोक्यात शिरला नव्हता. तो गणूनं दाराच्या फटीतून सांगितला.

"काका, मोठा घोळ झालाय. गोडाच्या सगळ्या पोरींना बाजूला बसवलंय. कालची खीर डब्यात भरून सील केली. आन ज्या पोरीनं खीर केली तिचं तर काय खरं नाय. मुंबईला उतरल्यावर परत घेणार नाय म्हणतात. सारखी रडतेय ती."

"कोण पोरगी?" अनंतरावांनी विचारलं, जरी त्यांना उत्तर माहीत होतं.

"आपली काजलताईच की! तुमचं पोट दुखतंय म्हणून रडतेय. नोकरीचं तर तिनं विचारलंबी नाय."

अनंतरावांच्या दाढेची कळ त्या क्षणी गेली. ती परत येणार होती, पण त्या क्षणी गेली. आपण शब्द पाळायला निघालो आणि पोरीच्या पोटावर पाय देऊन बसलो, हे त्यांना लख्ख दिसलं. ते उठले. "अहो, झग्यात कुठं?" निर्मलाबाई म्हणाल्या. "तशीच चल," ते म्हणाले. दारावरची पिवळी पट्टी त्यांनी शिस्तीत एका बाजूनं सोडवली आणि दोघं चालू लागली.

मधल्या मोठ्या दालनात संध्याकाळची गर्दी होती. एक गोरा माणूस पियानो वाजवत होता, बायका फोटो काढत होत्या. त्या गर्दीतून आखूड झग्यातलं एक जोडपं थेट चौकशीच्या टेबलापाशी आलं. टेबलावर माइक होता. टेबलामागची मुलगी "सर, सर" म्हणेपर्यंत अनंतरावांनी तो उचलला, टकटक करून पाहिला, आणि रिटायर झाल्यापासून वापरला नव्हता तो आवाज लावला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. काल संध्याकाळी मुंबईहून उशिरा सुटलेल्या या बोटीवरचे प्रवासी अनंता विशे, मुक्काम टोकावडे, तालुका मुरबाड, यांचं पोट ठीक आहे. त्यांनी बोटीवरच्या अन्नाचा कण घेतलेला नाही. पाण्याचा घोट घेतलेला नाही. खिरीचा काही दोष नाही, कारण ती त्यांनी खाल्लेलीच नाही. चिक्की खाताना त्यांच्या दाढेची टोपी निघाली आहे. चिक्की गावाकडून आणलेली होती. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

पियानो थांबला. मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मग बऱ्याच जणांनी वाजवल्या, कारण त्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. अनंतराव झगा आवरत ताठ उभे राहिले.

आतल्या खोलीत मग सगळे जमले. कप्तान, डॉक्टरीणबाई, बनारसकडचे भरघोस मिशांचे मोठे शेफ, आणि डोळे सुजलेली काजल. डॉक्टरीणबाईंनी आधी दाढ पाहिली. गणूनं पुढे होऊन, नोकरी जाईल तर जाईल अशा चेहऱ्यानं, खीर आपण खाल्ली आणि आपल्याला काही झालं नाही, उलट रात्री बरी झोप लागली, असं सांगितलं. कप्तानानं त्याला मनाई मोडल्याबद्दल रागावायला तोंड उघडलं आणि मग हसूनच टाकलं.

"पण का?" काजल म्हणाली. "बाबा, कालपासून तुम्ही उपाशी? का?"

माइकवरचा माणूस समोरच्या माणसाशी बोलताना अडखळतो. शेवटी निर्मलाबाई बोलल्या. "अगो, लेकीच्या घरचं खायाचं नाय ना. आत्येला शब्द दिलाय."

काजल हळू म्हणाली, "लग्न झालं, मी पाहुणी झाले, ते कळतं गो मला. पण माझ्या हातचंसुद्धा परकं झालं? तुम्ही याल म्हणून मी गेले कितीतरी दिवस तीच खीर करून बघत होते."

एवढ्या वेळात मोठ्या शेफना सगळं समजलं होतं. त्यांनी अनंतरावांपुढे हात जोडले. "चाचाजी, बेटी के घर का पानी हमारे यहाँ भी नहीं पीते. मैं समझ गया. लेकिन सुनिए. ये किचन मेरा है. राशन कंपनी का है. यहाँ जो बनता है मेरे नाम से जाता है. आप बेटी के नहीं, मेरे मेहमान हैं. आराम से खाइए, आपका वचन सलामत."

खोलीतल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. निर्मलाबाईंचा हात तर पाण्याच्या पेल्याकडे गेलासुद्धा. पळवाट इतकी सुंदर होती की अख्ख्या टोकावड्याला ती सुचली नव्हती. आत्यालाही खोडता आली नसती. अनंतरावांच्या मनानं हां म्हटलं, आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष काजलकडे गेलं. सगळ्या खोलीत ती एकटीच खुश नव्हती. शेफच्या नावावर वाढायला लागणार म्हणून तिनं मान खाली घातली होती आणि हातातला स्वच्छ चमचा ती फडक्यानं पुसत होती.

"साहेब," अनंतराव म्हणाले, "आपका उपकार है. जन्मभर नाही विसरणार. पण तुमच्या नावावर नाही जेवत. माझ्या लेकीच्या नावावर जेवतो. आत्येला काय सांगायचं ते मी सांगेन." मग काजलकडे वळून म्हणाले, "वाढ गो. आधी पाणी दे."

त्यांनी एका दमात पेला रिकामा केला. मग दुसरा. काजलनं वरणभात आणला, मऊ, दाढेला त्रास होणार नाही असा, वर तुपाची धार. मग नव्यानं केलेली खीर. निर्मलाबाई पहिल्या घासालाच थांबल्या आणि म्हणाल्या, "माझ्यापेक्षा चांगली झालीय," आणि मग पदर नव्हता म्हणून झग्याच्या बाहीनं डोळे पुसले. शेफनी काजलला खुर्ची ओढून दिली आणि आईबाबांशेजारी बसवलं. अनंतराव मागून मागून जेवले. लेकीच्या हातचं खाल्ल्यानं काही बिघडत असेल तर ते बिघडू दे, पण हे सुख हुकलं असतं तर ते कधीच भरून निघालं नसतं, असं त्यांना वाटलं. ज्यानं पळवाट दिली त्या शेफचे, ज्यानं खीर खाल्ली त्या गणूचे, आणि ज्यानं घरी राहून तिकीट दिलं त्या जावयाच्या भल्या मनाचे त्यांनी मनातल्या मनात आभार मानले. चिक्कीचेही मानले.

रविवारी बोट धक्क्याला लागली. काजल मोठ्यांदा रडली, पण हसत. शेफनी तिच्या पाठीवर थाप मारून पुढच्या फेरीचा गोडाचा विभाग तिच्याकडे दिला होता.

घरी पोचेपर्यंत अनंतरावांनी वाक्यं जुळवली होती. उंबऱ्यात ठकूआत्या बसली होती, आणि त्यांची जुळवलेली सगळी वाक्यं उडाली.

"पाणी नाय ना प्यायलास?"

"प्यायलो, आत्ये. जेवलो पण. दोनदा वाढून घेतलं. शब्द मोडला मी."

आत्यानं काठी हाती घेतली. ती उठून आत गेली, आणि दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी भरत बोटीची हकीकत ऐकायला आला, तो घरातली शांतता बघून चहा न घेताच परत गेला. अनंतरावांना रात्री जेवण गेलं नाही. जिनं वाढवलं तिला दुखवलं, याचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं, पण परत तीच वेळ आली तर आपण तेच करू, हेही त्यांना ठाऊक होतं.

सकाळी ते ओट्यावर दाढ धरून बसले होते. आत्या बाहेर आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावरून पदर, काखेत पिशवी.

"अनंता, जेवल्यावर काय झालं का रे तुला? पोटात दुखलं? मनाला काय लागलं?"

"नाय आत्ये. झोप लागली मस्त."

आत्या रस्त्याकडे बघत राहिली. तिला एकच मुलगी, जनी. वैशाखऱ्याला दिली होती, माळशेज रस्त्यानं पुढचंच गाव. जनीला मूलबाळ झालं नाही. आता तिचेही केस पांढरे झाले होते. दर दिवाळीला आत्या तिच्याकडे जाई, ओट्यावर टेके, आणि चूल पेटायच्या आत परतीची गाडी धरी. ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कोणी कधी बोललं नव्हतं.

"मला वैशाखऱ्याच्या गाडीत बसवून दे," आत्या म्हणाली. "आन जनीला फोन लाव. म्हणावं, मी जेवायला येतेय."

अनंतरावांनी फोन लावला आणि निरोप सांगितला. पलीकडून जनीचा चिरकलेला आवाज आला, "दादा, आईला विचार ना, तिला काय करू?"

अनंतरावांनी विचारलं. आत्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तिला म्हणावं, तुला चांगलं जमतं ते कर," ती म्हणाली. "दिली तेव्हा भाकरी थापता येत नव्हती तिला. पुढचं मला काय ठाऊक?"